रिटायर झाल्यावर मित्रांसोबत लांबची बाईक ट्रिप: सोलापूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

साठीनंतर बाईकवर लांब जाता येतं का असं लई जण विचारतात. तर येतं, आरामात येतं, फक्त पंचविशीत जसं उठलो, किक मारली आणि गेलो तसं नाही येत. कंबर तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींमधी हा विषय महिन्यातनं एकदा तरी निघतोच, कुणाला लडाख पाहिजे, कुणाला कन्याकुमारी, आणि ज्याला लडाख पाहिजे त्याची गाडी गेल्या कित्येक वर्षात होटगी रोडच्या पुढं गेलेली नसते. असल्या लोकांसाठीच हे लिहितोय. उदाहरण म्हणून सोलापूर ते हंपी घेतलंय कारण जायला तीनशे किलोमीटरच्या आसपास, घाट जवळपास नाहीच, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना कानडी येतंच की ओ.

एक नियम आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं त्याच्यावरनंच ठरतं. दुपारी दोनच्या आत गाडी लॉजच्या दारात उभी पाहिजे. दिवसाला किती किलोमीटर मारायचे हा प्रश्नच विचारायचा नाही, सकाळी सातला निघून, दर तासाला थांबून, दोनपर्यंत जिथवर पोचता येतं तेवढाच दिवस. आपल्या वयात ते दीडशे ते दोनशे होतं आणि तेवढं भरपूर आहे.

माणसं किती आणि कोण

तीन ते पाच गाड्या, त्यापेक्षा जास्त नको. चार असतील तर सगळ्यात बेस्ट, दोन रूममधी भागतं, हॉटेलात एका टेबलावर बसता येतं, आणि सिग्नलला अर्धे पुढं अर्धे मागं असं होत नाही. दहा-बारा जण जमले की ती ट्रिप राहत नाही, वरात होते.

कोण कोण यायचं हे ठरवताना दोस्ती जुनी आहे का नवी ते बघू नका, तीन गोष्टी तोंडावर विचारून घ्या. घोरतो का (हसू नका, रात्री झोप झाली नाही तर सकाळी हँडलवर डुलकी येते, घोरणाऱ्या दोघांना एका रूममधी टाका). संध्याकाळी घेतो का, आणि घेत असेल तर किती, कारण रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी सातला गाडी चालवायच्या अवस्थेत नसतो, मग तो कितीही "मला काय होत नाय बे" म्हणू दे. आणि तिसरं, सांगितल्यावर थांबतो का. जो गडी गावातल्या गावात पण सगळ्यांच्या पुढं काढल्याशिवाय गाडी चालवू शकत नाही त्याला प्रेमानं घरी ठेवा.

पैशाचं आधीच मोकळं बोलून घ्या. पेट्रोल ज्याचं त्याचं, कारण एकाची शंभर सीसी आणि एकाची बुलेट असली की समान वाटणीवरनं कुरबुर होतेच. राहणं, चहा, जेवण, तिकिटं याला कॉन्ट्री काढायची, सगळी रक्कम निघायच्या आधी एकाच्या हातात, आणि तो एक जण हिशोबाला चिकट पाहिजे. ग्रुपमधी असला एक असतोच.

डॉक्टर आधी, मेकॅनिक नंतर

निघायच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा आणि सरळ सांगा, चार-पाच दिवस गाडी चालवणार आहे. बीपी, शुगर, ईसीजी बघून घेतील. डोळे वेगळे दाखवा. मोतीबिंदू सुरुवातीला असला तर दिवसा काय कळत नाही, पण अंधारात समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यावर आला की रस्ता दिसेनासा होतो, आणि लोकांना वाटतं की आजकालचे एलईडीच लई वाईट. अंधारात चालवायचं नाही हा नियम त्यासाठी पण आहे.

आता जी गोष्ट कुणी बोलत नाही ती बोलतो. लघवी. प्रोस्टेटचा त्रास किंवा बीपीची लघवी होणारी गोळी असली की माणूस काय करतो, सकाळपासनं पाणीच पीत नाही, कारण सारखं सारखं "थांब रे" म्हणायला लाज वाटते. मग अकरा-साडेअकराच्या उन्हात डोकं हलकं होतं, मांडीत गोळे येतात, आणि हे सगळं चालत्या गाडीवर. म्हणून ग्रुपचा नियमच करायचा, दर पन्नास किलोमीटरला किंवा तासाला सगळ्यांनी थांबायचं, गरज असो नसो, मग कुणालाच मागावं लागत नाही. थांबला की दोन घोट पाणी सगळ्यांनी प्यायचं. गोळीची वेळ मागंपुढं करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, ट्रिप आहे म्हणून तर अजिबातच नाही.

शुगरवाल्यांनी अजून एक. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांवर असणाऱ्यांची शुगर नाष्टा लांबला की धाडकन उतरते, हात थरथरतात, घाम सुटतो, आणि हेल्मेट-जॅकेटमधी घाम तसाही येत असतो म्हणून लक्षात येत नाही. ग्लुकोजची पुडी किंवा साखर जॅकेटच्या खिशात ठेवा, मागं बॅगेत नाही, बॅग सोडवत बसायला तेव्हा हात चालत नाहीत. असं वाटलं की पहिलं गाडी बाजूला. आणि इन्सुलिन उन्हात तापलेल्या डिकीत टाकायचं नाही, त्याच्यासाठी थंड राहणारे छोटे पाऊच मिळतात.

गुडघे आणि कंबर. घरी एक टेस्ट करा, गाडी साईड स्टँडवर, मागच्या सीटवर सामान बांधलेलं, आता पाय टाकून बसा आणि उतरा, असं सलग दहा वेळा. सामान बांधल्यावर पाय तेवढा वर जात नाही हे बऱ्याच जणांना गल्लीतच कळतं, ते बरं, रस्त्यावर कळण्यापेक्षा.

गाडी: नवी घ्यायची गरज नाही

ग्रॅच्युइटी आली की बुलेट, हे आपल्याकडं फिक्स आहे. घ्या, माझं काय जातंय, पण पहिल्या ट्रिपसाठी नको. बुलेट दोनशे किलोच्या जवळपास असते आणि आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या कम्युटर गाड्या साधारण सव्वाशे किलोच्या आसपास, हा जो पाऊणशे किलोचा फरक आहे तो चालवताना कळत नाही, तो कळतो ढाब्याच्या खडीवर गाडी मागं ढकलताना. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात अशी, आणि आपल्याला जिची सवय आहे अशी गाडी घेऊन चला. सगळ्यांच्या गाड्या सत्तरच्या स्पीडनं दिवसभर निवांत पळत असतील तर बास झालं.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करायचं नाही. आठ-दहा दिवस आधी करा आणि मग गावात चालवा, म्हणजे मेकॅनिकनं काय ढिलं ठेवलं असेल तर ते सात रस्त्याला कळेल, इलकलच्या पुढं नाही. टायर नुसता नक्षी बघून पास करू नका, टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. रिटायर माणसाची गाडी कमी फिरते त्यामुळं नक्षी नवी कोरी दिसते आणि रबर मात्र कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या असतात. असला टायर बदला, पैसे बघू नका. चेन साफ करून तेल, ब्रेक पॅड, बॅटरी, पुढचा-मागचा लाईट हे तर आलंच.

एक जुनी ट्रिक आहे, कुणीतरी दाखवल्याशिवाय सुचत नाही. क्लच केबल नवी आणायची आणि जुनी काढायची नाही, नवी केबल जुनीच्या अंगालगत तशीच टाकीखालनं ओढून घ्यायची, दोन्ही टोकं टेपनं बांधून ठेवायची. रस्त्यात जुनी तुटली की टाकी न काढता वरचं आणि खालचं टोक बदललं, दहा मिनिटात गाडी चालू. बाकी ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि हवा मारायचा छोटा पंप, ट्यूबवाली असेल तर एक स्पेअर ट्यूब, फ्यूज, प्लग, पाना. चार गाड्यांत मिळून एक सेट पुरतो.

कागद

लायसन्सवरची तारीख आत्ता उठून बघा. पंचावन्नच्या पुढं लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच रिन्यू होतं, आणि पन्नास ते पंचावन्नमधी केलेलं असेल तर ते साठीला संपतं, म्हणजे आपल्या वयाच्या लोकांचं नेमकं रिटायरमेंटच्या आसपासच संपलेलं असतं आणि कुणाच्या गावी नसतं. संपायच्या वर्षभर आधीपासनं रिन्यूला टाकता येतं. संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. चाळीशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १ए.

गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आरसी रिन्यू केलीय का ते बघा. पीयूसी बीएस फोर आणि सिक्सला वर्षाची, जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची. इन्शुरन्समधी मालक-चालकाचं १५ लाखाचं अपघात कव्हर आहे का ते वाचा, आणि गाडी पोराच्या नावावर असेल तर ते कव्हर पोराला आहे, तुम्हाला नाही, हे ध्यानात ठेवा, मग स्वतःच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी काढा. कागद डिजिलॉकरमधी टाकून ठेवले की चालतात. हेल्मेट आयएसआयचं, हनुवटीखालचा पट्टा लावलेलं, नुसतं डोक्यावर ठेवलेलं नाही.

प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड. नाव, ब्लड ग्रुप, कुठला आजार, कुठल्या गोळ्या (कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव लिहा, कर्नाटकात तीच कंपनी मिळेलच असं नाही), घरचे दोन नंबर. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. एक बाजू इंग्रजीत आणि दुसरी बाजू कानडीत लिहून घ्या, सोलापुरात कानडी लिहिणारा शोधायला काय कुठं लांब जायला लागत नाही.

घरचे

परवानगी काढायची नसते, प्लॅन दाखवायचा असतो. "हंपीला चाललोय" म्हटलं की "ह्या वयात काय सुचतंय तुम्हाला" असंच उत्तर येणार. त्याऐवजी कागदावर कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, लॉजचं नाव, फोन, सोबत कोण हे लिहून फ्रिजवर लावा. लाईव्ह लोकेशन पोराला किंवा पोरीला पाठवून ठेवा. आणि फोनची वेळ एकच, मुक्कामाला पोचल्यावर. मधी मधी फोन करत बसू नका नाहीतर एखादा फोन चुकला की घरात रडारड.

आधी रंगीत तालीम

एकदम हंपीला निघायचं नाही. पहिल्या रविवारी तुळजापूर किंवा अक्कलकोट, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दर्शन घ्या, परत या. (कोजागिरीच्या वेळी तुळजापूरचा रस्ता नको, चालत जाणाऱ्यांनी भरलेला असतो.) मग एक दिवस हैदराबाद रोडनं नळदुर्ग, किल्ल्यातला पाणी महाल बघा, किल्ल्याच्या पायऱ्या चढताना कुणाचा दम कुठं जातो ते आपोआप कळतं. तिसरी तालीम मुक्कामाची, गाणगापूर चालेल. इथं बघायचं ते रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाची कंबर धरली, कुणाची तळहाताची बोटं बधिर झाली, कोण चिडचिड करायला लागला. बोटं बधिर होत असतील तर हँडल घट्ट धरताय किंवा हँडल आपल्या उंचीला बरोबर नाही, मेकॅनिककडनं जरा फिरवून घ्या. सीटचा त्रास होत असेल तर गादी किंवा जेलचं कव्हर टाका. या तीन तालमी झाल्यावर एखादा आपणहून म्हणतो, मला नाय जमायचं, मी कारनं येतो. येऊ दे की. सामान त्याच्यात टाकता येतं.

कधी निघायचं आणि आपल्याकडचा खरा धोका

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासनं आपलं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं. पण हाच सीझन उसाचा, आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते माहितीच आहे, पुढं विजापूर-बागलकोट पट्ट्यात पण तेच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूनं फूट-दीड फूट बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरनं टेपचा आवाज एवढा सोडलेला की तुमचा हॉर्न त्याला ह्या जन्मात ऐकू जाणार नाही. अंधारात ही ट्रॉली दिसते तेव्हा ती पुढं दहा फुटावर असते. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि अंधार पडल्यावर चालवायचं नाही. दिवसा ओव्हरटेक करताना पण ट्रॉलीच्या चिकटून नको, पुढचा रस्ता पूर्ण मोकळा दिसला तरच, आणि शेतातनं रस्त्यावर येण्याच्या जागी काळ्या मातीचा चिखल पडलेला असतो, त्यावर ब्रेक मारलात तर गाडी सरकलीच म्हणून समजा.

चौपदरी रस्त्यावर उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले (बऱ्याचदा आपल्याच वयाचे, डोक्याला टोपी, पुढं चाऱ्याचा भारा) हा दुसरा धोका. एकदम डावीकडं चिकटून चालवू नका, ते तिथनंच येतात.

गाड्यांची रांग सरळ एकामागं एक नको. पहिला लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा त्याच्या मागं डाव्या अंगाला, तिसरा परत उजवीकडं, दोघात दोन-तीन सेकंदाचं अंतर. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर, म्हणजे पुढच्याला आरशात तोच दिसतो आणि स्पीड आपोआप त्याच्या हिशोबानं राहतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. वळण किंवा फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. चुकामूक झालीच तर पुढच्या टोलनाक्याच्या पलीकडं थांबायचं असं आधीच ठरवा. नॅशनल हायवेला दुचाकीला टोल नसतो, डावीकडच्या बारक्या लेननं निघून जायचं.

बॅगेत काय

कमी. दोन जोडी कपडे, रेनकोट, गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत अर्ध्या-अर्ध्या. घोटा झाकणारा बूट घालायचा, चप्पल-सँडल बॅगेत. गुडघ्याला-कोपराला गार्ड असलेलं जॅकेट. एक पंचा, थांबाल तिथं ओला करून गळ्याभोवती टाकायचा, उन्हात ह्याच्यासारखं काय नाही. चादर नेऊ नका, आपल्याला सवय आहे कुठंही जाताना चादर न्यायची, पण सोलापुरी चादर अर्धी बॅग खाते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र घ्याच. कडक भाकरी आठ दिवस काय होत नाही, चटणी तेलाशिवाय कोरडी भरा, दही कुठल्याही गावात मिळतं, दुपारचं जेवण झालं. ढाब्यावरची तेलकट भाजी खाऊन दीड तास गाडी चालवणं म्हणजे झोपेला आमंत्रण.

हंपीचा प्लॅन, पाच दिवसांचा

पहिला दिवस फक्त विजापूर, शंभर किलोमीटर. एवढ्यातच थांबायचं का असं सगळे म्हणतील, थांबायचं. अकरापर्यंत पोचाल, जेवून झोप काढा, चारला गोलघुमट. वर जायला अरुंद जिने आहेत, गुडघेवाल्यांनी खालीच बसावं, १६५६ च्या सुमाराला पूर्ण झालेली ती वास्तू खालनं बघितली तरी मान दुखते.

दुसरा दिवस मोठा, दोनशेच्या आसपास. विजापूर, आलमट्टी, इलकल, कुष्टगी, होसपेट. इलकलला साडी घ्यायचा मोह होईल, येताना घ्या, जाताना बॅगेत जागा नाही. कृष्णा-मलप्रभेचा संगम, बसवेश्वरांचं कुडलसंगम, रस्त्यापासनं थोडं आत आहे, वेळ असेल तरच वळा.

तिसरा दिवस गाडीला सुट्टी. होसपेटहून रिक्षा ठरवून हंपी बघा. विठ्ठल मंदिर, पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ. पंढरपूरचा विठ्ठल इकडं आणला होता आणि भानुदासांनी परत नेला ही कथा आपल्याकडच्या प्रत्येकाला माहिती असते, त्यामुळं आपला माणूस तिथल्या रिकाम्या गाभाऱ्यापाशी जरा जास्तच रेंगाळतो. टोपी आणि पाणी घ्या, दगड तापतात.

चौथा दिवस बदामी, लेणी संध्याकाळी. माकडांपासनं गाडीवरच्या पिशव्या सांभाळा, चेन उघडतात ती.

पाचवा दिवस घरी, सव्वादोनशेच्या आसपास. हा सगळ्यात वाईट दिवस. दमलेले असता, रस्ता ओळखीचा झालेला असतो, आणि विजापूर सोडलं की प्रत्येक जण घराच्या ओढीनं मूठ पिळतो. झळकीला थांबा, टाकळीचा पूल ओलांडला की परत थांबा, तेरामैलला चहा घ्या. नियम मोडून तीन वाजले तरी चालतील, पण तासाचा थांबा मोडायचा नाही.

काय झालंच तर

११२ कुठंही चालतो, अँब्युलन्सला १०८, नॅशनल हायवेवर १०३३. पडलेल्या माणसाला ओढून उभं करू नका, "काय नाय झालं" असं तो म्हणाला तरी. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट घाईनं खेचून काढू नका, मानेला लागलेलं असू शकतं. दोघांनी तिथं थांबायचं, एकानं मागनं येणाऱ्या गाड्यांना हात करायचा, एकानं फोन. डोक्याला मार बसला आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर बाहेरनं काही दिसत नसलं तरी सरळ हॉस्पिटल, ट्रिप तिथंच संपली.

परत आल्यावर दोन दिवस गाडी बंद ठेवा, मग धुऊन चेनला तेल. कॉन्ट्रीचा हिशोब त्याच आठवड्यात मिटवा, पुढच्या ट्रिपला अॅडजस्ट करू म्हणून ठेवलेले पैसे कधीच अॅडजस्ट होत नाहीत. आणि गुडघा तिसऱ्या दिवशी पण सुजलेला असेल तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.